उलट्या बाजूचा खडू

तो दिवस मंगळवार होता की बुधवार, हे म्हाताऱ्या डॉक्टरांना आता छातीठोकपणे सांगता येत नाही. पूर्वी सांगताना ते दुपारचे दोन म्हणत, हल्ली अडीच म्हणतात. काकूंचं नाक आणि आपली चूक मात्र ते विसरलेले नाहीत.

काकू म्हणजे एका शिंप्याची बायको. शिंपी जाऊन सात वर्षं झाली होती. काकूंच्या नाकाच्या डाव्या बाजूची वाईट गाठ काढल्यावर तिथे अंगठ्याच्या पेराएवढा खड्डा उरला. तो बुजवायला कपाळाची कातडी घ्यायची होती. खड्ड्याच्या मापाचा कागद कापायचा, कपाळावर ठेवून रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवून भुवईपाशी देठ राखायचा आणि ती वळवून नाकावर शिवायची. देठातून रक्त येत राहतं. तीन आठवड्यांनी तो कापायचा.

डॉक्टर तेव्हा नवखे होते. त्यांनी कागद ठेवला तो पालथा. डाव्याचं उजवं झालं. कातडी नाकावर आणली तर एका कडेला कमी पडली, आणि त्यांच्या तोंडून हलकेच "अरे" निघून गेलं. भूल फक्त चेहऱ्यापुरती होती. काकू जाग्या होत्या.

"काही चुकलं का, डॉक्टर?"

"नाही हो, काकू."

आणि त्यांनी ती कड ताणून शिवली.

दुपारी वॉर्डात सामसूम होती. पडदे ओढलेले, स्पिरिटचा वास, कुठेतरी नळ ठिबकत होता. नाकावरची कातडी जांभळी पडत चालली होती. ती मेली तर पुन्हा घ्यायला तेवढं कपाळ उरणार नव्हतं. ताणलेले टाके सोडायला हवेत हे डॉक्टरांना कळत होतं. पण सोडले तर कड उघडी पडणार, चूक चव्हाट्यावर येणार. ते कात्री घेऊन नुसतेच उभे राहिले. तेवढ्यात वरच्या थिएटरातून निरोप आला, पेशंट बिघडलाय, लगेच या. "आलोच," म्हणून ते गेले, ते चार वाजता खाली आले.

पडद्याआड गरम इस्त्री ओल्या कापडावर फिरल्याचा वास येत होता. काकूंचं नाक गुलाबी झालं होतं. सर्वांत ताणलेले दोन टाके जागेवर नव्हते. त्यांचे दोरे ट्रेमध्ये शेजारी शेजारी, सरळ ठेवलेले होते.

"काकू... टाके कुणी काढले?"

"हे आले होते."

"हे म्हणजे कोण?"

"आमचे हे." बँडेजमधून जेवढं लाजता येतं तेवढ्या काकू लाजल्या. "म्हणाले, ताणून शिवलेलं टिकत नाही. दोन टाके उसवतो, हलू नकोस..."

डॉक्टरांनी ट्रेमधल्या दोऱ्यांकडे पुन्हा पाहिलं.

"आणि म्हणाले, पोराने उलट्या बाजूने खडू मारलाय. त्याला बोलू नकोस." काकूंनी त्यांचा हात हातात घेतला. "मी कसली बोलतेय? यांनी पहिल्याच वर्षी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या. गिऱ्हाइकाला म्हणाले, फॅशन आहे. जेवलात का तुम्ही?"

डॉक्टर स्टुलावर बसले आणि पालथ्या कागदाची सगळी गोष्ट त्यांनी काकूंना सांगून टाकली. काकू मध्ये मध्ये हुंकार देत होत्या.

नाक छान भरलं. पुढे काकू सांगायच्या, नाकाला हात लावला की कपाळावर कुणी हात ठेवल्यासारखं वाटतं. त्याचं कारण पुस्तकात सापडतं. त्या दुपारचं सापडत नाही. म्हणून डॉक्टरांनी मनाशी ठरवून टाकलं की टाके वॉर्डातल्या सिस्टरनीच काढले असणार, आपली लाज राखायला.

वीसेक वर्षांनी सिस्टर निवृत्त झाल्या, तेव्हा डॉक्टरांनी धीर करून विचारलं.

"मी?" सिस्टर म्हणाल्या. "मी कशाला हात लावतेय? तुम्हीच तर काढत होतात. साडेतीनला मी पडदा सारला, तुम्ही पाठमोरे बसलेले. काकू झोपल्या होत्या, म्हणून हाक नाही मारली. फक्त म्हटलं, आज डॉक्टरांनी गळ्यात मोजायची टेप का अडकवलीय..."