खिशातले हात

ब्रॅडवेलांच्या हॅटच्या कारखान्याला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, आणि त्या समारंभात मला पाहुण्यांसमोर शिलाईच्या मशीनवर बसवायचं ठरलं. जुनी कामगार बाई, जुनं मशीन, जुना एप्रन. लोकांना बघायला बरं वाटतं, असं कमिटीचं म्हणणं. अख्खी हयात मी तिथे हॅटांना आतून चामड्याची पट्टी शिवण्यात घालवली. कारखान्याला टाळं लागलं त्या दिवशी हीच माणसं आम्हाला साधी निरोपाची कॉफी पाजायला विसरली होती. आता म्हणे आम्ही शहराचा वारसा. वारसा कसला डोंबलाचा!

तरी मी हो म्हटलं, पण एका अटीवर. भिंतीवर जी पितळी पाटी बसणार होती, तिच्यावर एक वाक्य हवं: इथल्या कामगारांना पाऱ्यामुळे आजार जडला. बस्स. आमच्या डॅनबरीत, हॅटांच्या या गावात, ही गोष्ट घराघरात माहीत होती, पण भिंतीवर कुठेच नव्हती. सशाच्या लवेचं फेल्ट, म्हणजे हॅटचं दाबून केलेलं कापड, करायचं तर आधी ती पाऱ्याच्या पाण्याने माखायची, मग मागच्या शेडमध्ये वाफेत घोळवायची. ती वाफ वर्षानुवर्षं छातीत भरली की माणसाचे हात थरथरायला लागायचे, मग ओठ, आणि शेवटी डोकं फिरायचं.

माझे वडील, श्टेफान हुदाक, त्याच शेडमध्ये होते. दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत. पण कंपनीच्या डॉक्टरने आईला सांगितलं, नवऱ्याची बाटली सोडवा. दारुडा म्हणून त्यांना कामावरून काढलं आणि दारुडा म्हणूनच ते मातीत गेले. मी शाळेत बेवड्याची पोर होते. पुढे पोटासाठी त्याच कारखान्यात जावं लागलं, कारण गावात दुसरं काम होतं कुठे? मला ते एक वाक्य हवं होतं. दुसरं काही नको.

कमिटीचा अध्यक्ष विन्थ्रप ब्रॅडवेल, सगळ्या गावाचा विन, मालकाचा नातू. माझ्याच वयाचा, पण तो मला अगंतुगं करायचा आणि मी त्याला अहोजाहो. त्याने माझा हात हातात घेऊन सांगितलं, ओल्गा, तुझं वाक्य जाईल, तू काळजी सोड.

समारंभ सत्त्याहत्तर सालच्या ऑक्टोबरात झाला, भर दुपारी, मागच्या शेडमध्येच. पूर्वी शेडमागची नदी ज्या दिवशी ज्या रंगाच्या हॅटा त्या रंगाने वाहायची. आता ती नुसती नदी होती. भिंती खरवडून नवा गिलावा केलेला, खाली नवी फरशी, सगळीकडे ताज्या रंगाचा वास. पारा तर सरकारने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच बंद केला होता. आणि तो असता तरी हात थरथरायला वर्षं लागतात, एक दुपार पुरत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण मी भुताखेताच्या गोष्टी करणारी बाई नाही.

मी मशीन चालवत होते. मध्ये दोरा तुटला म्हणून थांबले, तेव्हा रंगाच्या वासाखालून मला ओल्या सशाच्या कातड्याचा वास आला. पाठोपाठ एक बारीक किणकिण ऐकू आली. कपबश्यांची. वाटलं, मागून रेल्वे जातेय. पण टेबलावर मांडलेले कप ढिम्म होते. वाजत होते ते फक्त लोकांच्या हातातले.

हळूहळू एकेकाने कप खाली ठेवला. बँकेच्या मॅनेजरने हात कोटाच्या खिशात घातले. वाचनालयाच्या बाईंनी पर्स छातीशी घट्ट धरली. पाहुण्यांची बोलणी चालूच होती, हवेबद्दल, घरांच्या किमतींबद्दल, पण थोड्या वेळात त्या शेडमध्ये कुणाचाच हात मोकळा दिसेना. परक्या माणसाला यात काहीच वावगं वाटलं नसतं. पण मी हॅटवाल्याच्या घरात वाढलेय. अंगठा मुठीत, कोपर बरगडीला दाबलेलं. खिशात हात असा घालणारी माणसं रविवारी चर्चबाहेर रांगेने उभी असायची.

निवृत्त न्यायाधीश पिअरसन माझ्यासमोरच बसले होते. त्यांच्या घराण्यात कधी कुणी हॅटच्या कामाला हात लावला नव्हता. त्यांनी जेवणाचा मोठा नॅपकिन मानेमागून घेतला. एक टोक पाण्याच्या ग्लासाबरोबर मुठीत धरलं आणि दुसरं टोक दुसऱ्या हाताने खाली ओढलं. विहिरीतून बादली यावी तसा ग्लास सरळ वर, ओठांपर्यंत आला. एक थेंब सांडला नाही.

माझे वडील रोज रात्री दूध असंच प्यायचे, आईच्या टॉवेलने.

मी मशीनवरचा हात काढून घेतला. तो अगदी स्थिर होता.

एवढ्यात विन पाटीवरचा पडदा उघडायला पुढे झाला. दोरी त्याच्या हातातून निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. शेवटी त्याच्या सेक्रेटरीने ती ओढली.

पाटीवर आजोबांचं नाव होतं, साल होतं, कुठल्या कुठल्या देशांत हॅटा गेल्या ते होतं. माझं वाक्य नव्हतं. सरळ तोंडाला पानं पुसली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी एप्रनसकट उठून त्याच्यापुढे उभी राहिले.

"आनंदाच्या दिवशी असलं काही लोकांना नको असतं, ओल्गा," तो हळू आवाजात म्हणाला. "समजून घे."

"हात दाखवा."

त्याने ते खिशातून काढले. बघवत नव्हते.

"मी घेतलेली नाही," तो म्हणाला. त्याचे ओठही थरथरत होते. "शपथेवर सांगतो. तुझा विश्वास आहे ना?"

विश्वास होता. पूर्ण होता.

"बाटली सोडा, मिस्टर ब्रॅडवेल," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं आणि निघाले.

पुढे कुणी चकार शब्द काढला नाही. कसा काढणार? डॅनबरीत हात थरथरतात ते दारुड्यांचे, हे याच लोकांच्या बापजाद्यांनी ठरवून ठेवलं होतं. वास्तू उघडीच राहिली. शाळेच्या सहली येऊ लागल्या. मी पत्र लिहून सहली थांबवा म्हटलं, तर म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणाले.

महिन्याभराने कॉनीचा फोन आला. कॉनी म्हणजे विनची बायको, आणि कंपनीच्या त्या डॉक्टरची मुलगी. शाळेत आम्ही एका वर्गात होतो. कारखान्यात तिने जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. समारंभालाही ती बॉस्टनला बहिणीकडे होती. ती रडत होती. विनचे हात थांबत नाहीत, न्यू हेवनच्या डॉक्टरांना काही सापडत नाही, आणि गावभर बोभाटा झालाय.

"तू त्या दिवशी तिथे होतीस," ती म्हणाली. "खरं सांग, तो पितो का गं?"

"नाही पीत. माझे वडीलही पीत नव्हते."

"ते माहितेय मला," ती सहज म्हणाली. "पपा घरी सांगायचे की. जेवताना."

एवढी वर्षं. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर, मीठ-मिरी मागावी तसं ते बोलून झालं होतं. शिव्या ओठांवर आल्या होत्या, तेवढ्यात फोनमध्ये टिकटिक ऐकू आली. बारीक, भरभर.

"विन शेजारी बसलाय का?" मी विचारलं.

"नाही गं, तो वर झोपलाय. मी एकटीच आहे. का?"

फोनचा रिसीव्हर कानातल्या डुलावर आपटला की असा आवाज होतो. मी तिला म्हटलं, लाइन खराब आहे, फोन दुसऱ्या हातात घे, दुसऱ्या कानाला लाव.

तिने घेतला. क्षणभर शांत झालं, आणि टिकटिक पुन्हा सुरू झाली.

"आता येतंय का नीट ऐकू?" कॉनीने विचारलं.