सहभार

उर्मिला घोडकेच्या जिवाला घोर लागला होता, आणि गंमत अशी की कशाचा, ते तिलाच सांगता येत नव्हतं. मिरजेतलं तिचं घर हल्ली कसं निवांत होतं. सासरे दुपारी घोरत, नवरा शीळ घालत कामाला जाई, आणि दोन वर्षं खोलीबाहेर न पडलेली लेक रेवती रोज कॉलेजला जाऊन हसत परत येई. ही सगळी सहभाराची कृपा. उर्मिला मात्र भाजी चिरता चिरता उठायची, दार उघडून रस्त्याकडे बघायची, आणि कुणाची वाट पाहतोय ते न कळून परत यायची.

शेवटी ती डॉ. फरीदा मुजावरांकडे गेली. सहभार हा त्यांचाच शोध.

डॉक्टर समजावून सांगण्यात पटाईत होत्या. भ्यालेल्या माणसाचा हात जवळच्या कुणी धरला की त्याची धडधड कमी होते. मेंदूची हीच सोय त्यांनी एका पट्टीत आणली होती. मानेमागे चिकटवलेली ही पट्टी काळजीचे तरंग टिपते आणि त्यांतला बराचसा भार आपल्या माणसाच्या पट्टीवाटे त्याच्या मेंदूकडे पाठवते. रोज थोडं चाला, झोप सांभाळा, कुणाशी तरी मनातलं बोला, असं सांगून सांगून डॉक्टर थकल्या होत्या. पट्टीने लोकांचे बोलण्याचेही कष्ट वाचवले. काळजीचं कारण तेवढं ज्याचं त्याच्यापाशी राहतं. दुसऱ्याकडे जाते ती नुसती धडधड.

पट्ट्या बसवताना कुणी कुणाचं नाव घेतलं, असं डॉक्टरांनी विचारलं. सासरे, नवरा, रेवती, तिघांनीही क्षणभर विचार न करता उर्मिलेकडे बोट दाखवलं होतं. केवढा अभिमान वाटला होता तिला.

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, माझं काय, माझं मी बघते."

डॉक्टर म्हणाल्या, "तुमची पट्टी बंद करता येईल. पण रेवतीचं सगळं एकदम तिच्याकडे परत जाईल. ती ते कसं झेलेल, मी सांगू शकत नाही."

उर्मिलेला रागच आला. यंत्र करणाऱ्यांना हे आधी सुचू नये? बंद दाराबाहेर ठेवलेलं ताट तसंच उचलण्याचे दिवस तिला नको होते. पण असं उगाचच्या उगाच जळत राहणंही आता झेपत नव्हतं. तासभर बंद करून बघू, असं ती म्हणाली. डॉक्टरांनी पट्टी बंद केली.

हायसं वाटेल म्हणून ती डोळे मिटून बसली, तोच फोन वाजला.

"आई, कुठायस? मला न्यायला ये ना गं. कॉलेजच्या जिन्यात बसलेय. पायच उचलत नाहीयेत."

उर्मिला ताडकन उठली. तीच धडधड, हातापायांची तीच तगमग. तिने घाबरून मानेमागे चाचपलं.

"पट्टी बंदच आहे," डॉक्टर हलकेच म्हणाल्या. "हे तुमचं स्वतःचं आहे."

"माझ्यात तर काहीच फरक नाही," उर्मिला म्हणाली. "मग करा चालू. निदान तिचं तरी भागेल."

डॉक्टरांनी पट्टी चालू केली. फोनवरचा हुंदका हळूहळू विरला.

"आई, राहू दे, येऊ नकोस," रेवती म्हणाली. "उगाच घाबरवलं तुला. मी जाते आता चहाला, सगळे थांबलेत."

उर्मिला 'बरं' म्हणाली. फोन ठेवायला तिला दोन्ही हात लागले.