दारातली ढोबळी मिरची

“स्वागताचं भाषण मीच करणार! मी सगळ्यांत मोठी आहे,” भिंगरीनं ठणकावून सांगितलं.

“आणि उद्या कॉलेजची मुलं आलीच नाहीत तर?” तिच्या धाकट्या भावानं विचारलं. त्याला घरात सगळे शंकासुर म्हणत, ते काही उगाच नाही!

“तर मी झोपेन,” चुलतभाऊ जांभई देत म्हणाला. मुलं आली असती तरी तो झोपणारच होता. त्याचं नावच मुळी डुलकी!

तिघंही सुट्टीत आत्याकडे आली होती. आत्याचं हरितगृह म्हणजे मोठी गंमत होती. वर प्लॅस्टिकचं छत आणि खाली ढोबळी मिरचीच्या लांबच लांब रांगा. मातीचं नाव नाही! झाडं उभी होती पिशव्यांमध्ये, नारळाच्या काथ्याच्या भुशात. भुसा सुकायला लागला, की मधल्या रांगेत खोचलेला, ओलावा मोजणारा बोटाएवढा एकच सेन्सर संगणकाला कळवायचा, आणि सगळ्या रांगांत ठिबकच्या नळ्यांतून आपोआप पाणी सुरू व्हायचं.

हे सगळं कॉलेजच्या मुलांना शिकवावं, त्यांचा आधुनिक शेतीचा वर्ग इथेच भरावा, म्हणून आत्या वर्षभर कॉलेजात खेटे घालत होती. शेवटी तिथल्या प्राध्यापकबाई म्हणाल्या, “मुलांना एकदा बघू तर द्या. त्यांना आवडलं, तरच वर्ग.” ती मुलं उद्या येणार होती.

तेवढ्यात आत्याच आत आली. तिचा चेहरा पार उतरला होता.

“भाषण राहू द्या, पोरांनो. उद्या कोणी येणार नाही.”

“का?” तिघं एकदम ओरडली. डुलकीसुद्धा!

आत्या मटकन खुर्चीत बसली. “दोन दिवस मी कॉलेजच्या कामात होते. आज येऊन बघते तर सगळ्या झाडांनी माना टाकलेल्या! आणि संगणक सांगतोय, ओलावा भरपूर आहे. पाणी असून झाड सुकतं, म्हणजे मुळं सडली. हा रोग हातांनी, बुटांनी पसरतो, म्हणून मी आतलं दार बंद केलंय. कोणीही आत पाऊल टाकायचं नाही. थोड्या वेळानं बाईंना फोन करून नाही म्हणून सांगते.”

तिचा आवाज कापरा झाला. आत्याला रडवेलं झालेलं भिंगरीनं कधीच पाहिलं नव्हतं.

हरितगृहाला दोन दारं होती, आणि किडे आत शिरू नयेत म्हणून मधे एक छोटी खोली. तिघं त्या खोलीत जाऊन काचेतून आत बघू लागली. बिचारी झाडं! पानं कशी मलूल होऊन लोंबत होती.

खोलीत मात्र चकचकीत निळ्या कुंडीत एक ढोबळी मिरची ताठ मानेनं उभी होती. हरितगृहाचे व्यवस्थापक तिची पानं फडक्यानं पुसत होते. त्यांना टापटिपीचं भारी वेड, म्हणून मुलं त्यांना टापटीपकाका म्हणायची.

“काका, हे झाड कुठलं?” भिंगरीनं विचारलं.

“आतलंच, मधल्या रांगेतलं! पाहुण्यांना दारातच काहीतरी नजरेत भरायला हवं ना? परवाच बाहेर काढलं,” काका ऐटीत म्हणाले आणि निघून गेले.

“मधल्या रांगेतलं? मग याला रोग कसा नाही?” शंकासुरानं डोकं खाजवलं.

कुंडीशेजारच्या बाकावर डुलकी आडवा झाला होता. त्याचा डोळा लागतो न लागतो तोच मालाच्या टेम्पोचा चालक आला. जाता जाता त्यानं बाटलीतलं उरलेलं पाणी कुंडीत ओतलं. मग मिरच्या भरणाऱ्या मावशी आल्या. त्यांनीही ओतलं! मग काका परत आले आणि त्यांनी तर अख्खा तांब्याच रिकामा केला.

“अरे, काय चाललंय काय!” डुलकी तोंड पुसत उठला. “जो येतो तो माझ्या अंगावर पाणी सांडतो!”

“पाहुण्यांसाठीचं झाड आहे, जपायला नको?” काका म्हणाले.

भिंगरी एव्हाना कुंडीपाशी वाकली होती. पानांआडून एक काळी वायर निघून भिंतीवरच्या डब्यात गेली होती. आणि वायरीच्या टोकाला, चिंब भुशात, तो बोटाएवढा सेन्सर!

“काका! हा तर आतला सेन्सर!”

“मीच आणला इथे. आत बिचारा लपून बसला होता. वायर नेमकी पुरली बघ!”

“पण काका, संगणकाला वाटेल की—”

“पण-बिण काही नाही! उद्यासाठी ढीगभर कामं पडलीत. जा, खेळा बाहेर!” काका फडकं झटकत गेले.

“म्हणजे पाणी पितेय ही एकटी,” भिंगरी कुजबुजली, “आणि संगणकाला वाटतंय सगळ्यांचीच तहान भागली!”

खिडकीतून समोरचं ऑफिस दिसत होतं. आत्यानं फोन कानाला लावला होता. आता समजावत बसायला वेळ कुठे होता? भिंगरीनं सेन्सर उपसला आणि फ्रॉकला खसाखसा पुसला.

“थांब!” शंकासुर ओरडला. “खरंच रोग असेल तर? आता पाणी सुटलं तर झाडांचा निकालच लागेल!”

भिंगरीनं कुंडीकडे पाहिलं. “रोग असता तर सगळ्यांत आधी हीच मेली असती. पाणी तर हीच सगळ्यांत जास्त प्यायलीय.”

तिनं तो कोरडा सेन्सर हवेत उंच धरला.

टक्! कुठेतरी झडप उघडली. पंप घरघरला, आणि आत रांगा-रांगांतून थेंब टपकू लागले.

“पंप कोणी सुरू केला?” आत्या फोन हातात घेऊनच धावत आली. ती संतापानं लाल झाली होती. भिंगरीनं सेन्सर पुढे केला, मग कुंडीकडे बोट दाखवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

आत्यानं हातमोजे चढवले, बुटांवर पिशव्या बांधल्या आणि आत जाऊन एका झाडाच्या भुशात खोल हात खुपसला.

“कोरडा ठणठणीत!” ती ओरडली. “आणि मुळं पांढरीशुभ्र! अगं, माझी झाडं नुसती तहानलेली आहेत गं!”

मग तिनं दारातच तिघांना मिठी मारली. फोनमधून आवाज येत होता, “हॅलो? अहो, काय झालं?”

“काही नाही बाई!” आत्या हसत-रडत म्हणाली. “उद्या नक्की या!”

काकांचं तोंड एवढंसं झालं होतं. “मी आपलं छान दिसावं म्हणून...” ते पुटपुटले आणि स्वतःच सेन्सर मधल्या रांगेत लावून आले. संध्याकाळपर्यंत पानांनी माना वर केल्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेजची मुलं आली, पण अर्ध्यांची नजर मोबाइलमध्ये. एक उंच ताई मैत्रिणीला म्हणाली, “शेतीत कसलं आलंय करिअर? चिखल तुडवायचा!”

भिंगरीनं पाठ केलेल्या भाषणाचा कागद खिशात कोंबला. “एक कोडं घालते!” ती मोठ्यानं म्हणाली. “झाडं सुकलीत. संगणक म्हणतो पाणी भरपूर. चूक कोणाची?”

मोबाइल एकेक करून खाली गेले.

“रोग असेल! मुळं भिंगाखाली बघायला हवीत,” एक जण म्हणाला.

“एकाच सेन्सरवर कशाला भरवसा?” उंच ताई पुढे सरकली. “चार लावा. एक जरी वेगळं बोलला, की लगेच फोनवर इशारा! तसा प्रोग्रॅम मी लिहू शकेन.”

“अशी माणसंच हवीत शेतीला!” आत्या खुलली. “झाडांचे डॉक्टर हवेत, प्रोग्रॅम लिहिणारे हवेत, रोपं तयार करणारे, माल ताजा ठेवून दूरवर पोचवणारे हवेत. आणि चिखल तर इथे औषधालाही नाही!”

मग प्रश्नांची नुसती झोड उठली. शंकासुराला आपल्यासारखे इतके जण एकदम भेटल्यानं कोण आनंद झाला!

निघताना उंच ताई आत्यापाशी घुटमळली. “वर्ग कधी सुरू होणार? मला यायचंय.”

“मलाही!” मागून आवाज आले. आत्यानं बाईंकडे पाहिलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, “सुट्टी संपली की लगेच! आणि पहिल्या दिवशी या तीन शिक्षकांना बोलवायला विसरू नका. काल यांनी डोकं चालवलं नसतं, तर आज आम्ही इथे आलोच नसतो.”

तिघांची छाती फुगली. डुलकी तर टक्क जागा होता!

टापटीपकाकांनी समाधानानं मान डोलावली, बाटलीतलं उरलेलं पाणी घेतलं आणि ते सवयीनं कुंडीकडे वळले.

“काका!” अख्खं हरितगृह एका सुरात ओरडलं.

काका दचकले, हसले आणि त्यांनी ते पाणी मुकाट्यानं स्वतःच पिऊन टाकलं.