अर्धा पेला दूध

निकमसाहेब येणार म्हणून जानूआबांनी सकाळीच अंगण झाडून घेतलं, तेव्हा त्यांच्या लेकीच्या, मंजुळाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्या माणसानं रोगाची खोटी आवई उठवून आबांचा सगळा कळप मारायला लावला, त्याच्यासाठी झाडलोट!

गावोगावचे कळप गेले आणि घरोघरी निकमच्या टाकीतलं दूध आलं. गुरांवाचून, सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेलं. रोज सकाळी पडद्यावर हा स्वतः पेलाभर पिऊन दाखवायचा. पण आता लोकांना जुनी चव हवी झाली होती. आबांनी रानात लपवून एकच म्हैस वाचवली होती, चांदी. दात गेल्यापासून तिचं दूध हेच त्यांचं जेवण. तिच्याच पेशी मागायला आज स्वारी डोंगर चढून आली.

मंजुळा शहरात जनुकशास्त्रज्ञ होती. माणसाचं पोर मोठं झालं की दुधातली साखर पचवणारं विकर आतड्यात बनेनासं होतं. गुरं पाळणाऱ्यांच्या वंशात मात्र हजारो वर्षांपूर्वीपासून ते विकर बनवणाऱ्या जनुकाचं बटण चालूच राहिलं आणि दुष्काळात ती माणसं दुधावर तगली. मंजुळानं ते बटण कायमचं बंद करणारा विषाणू बनवला होता. एक घोट पुरे. त्यावर उतारा तिनं शोधलाच नव्हता. सुडाला परतीची वाट कशाला? मग पी म्हणावं पडद्यावर पेलाभर!

"मंजे, सायबास्नी दूध दे," आबा म्हणाले.

ती आबांना बाजूला घेऊन पुटपुटली, "आबा, ह्यानंच आपल्या म्हशी..."

"ठावं हाय. दारात आलेल्याला दूध द्यायचं. आपली रीत हाय ती."

तिनं आत जाऊन पेल्यात त्या विषाणूचा थेंब टाकला. निकमनं अर्धा पेला पिऊन तोंडभर कौतुक केलं, चांदीच्या कानाचा नमुना घेतला आणि तो उठला. मंजुळा मुद्दाम त्याला गाडीपर्यंत पोचवायला गेली. त्याची पाठ बघून इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा जीव थंड झाला.

परतली तर आबा रिकामा पेला उपडा घालत होते. मिशांना साय लागली होती.

पाहुण्याचं उरलेलं दूध या घरात कधीच सांडत नसत. घरातलंच कुणीतरी ते पिऊन टाकी. लहानपणी तीही प्यायली होती. शहरात राहून तेवढंच विसरली.

"लक्ष्मी ती, सांडायची कशी?" आबा हसले. मग लेकीचा पांढराफटक चेहरा पाहून चपापले. "अशी का बघतीस, मंजे? दूध नासलं हुतं व्हय गं?"