घासभुणभुण

मी वटवाघळांचे आवाज ओळखतो. हे पोटापाण्याचं काम आहे म्हटलं, की पाहुणे आईकडे सहानुभूतीनं बघतात. संध्याकाळी यंत्र बागेत टांगायचं, सकाळी काढून आणायचं, माणसाच्या कानाला न ऐकू येणारे ते आवाज दहापट संथ करून ऐकायचे आणि तक्ता भरायचा. वटवाघूळ सावकाश ओरडत हिंडतं, ती शोधहाक. सावज सापडलं की हाका भराभर येतात आणि झडप घालताना एकमेकींत मिसळतात, ती घासभुणभुण. मग शांतता. तोंडात घास असताना बोलू नये, हे वटवाघळाला कळतं. आमच्या बाईंना कळत नाही.

बाई म्हणजे विभागप्रमुख. ऑफिसात आम्ही दोघंच.

"पाचला अहवाल जातोय," बिस्किट चावत त्या म्हणाल्या. "सावजाचा एक जरी रकाना रिकामा दिसला, तर तुझं कंत्राट वाढत नाही."

एकच फाइल उरली होती, तीही माझ्या वेंधळेपणाची. काल बागेतून आणलेलं यंत्र बंद करायला मी विसरलो आणि ते दिवसभर माझ्या टेबलावर ऑफिस ऐकत पडलं. बाईंची शिंक दहापट संथ केल्यावर ट्रक उलटल्यासारखी वाटली. ती मी दोनदा ऐकली.

मग साडेअकराला शोधहाक आली. भर दिवसा, खिडक्या बंद असताना. दोन हाकांमध्ये तीन सेकंद. प्रतिध्वनी परतेपर्यंत वटवाघूळ थांबतं. तीन सेकंद थांबणारं अर्धा किलोमीटर लांबचं शोधत असतं. एवढ्या लांबून किडा कुणी शोधत नाही. मी यंत्राला दोष दिला. यंत्र उलट उत्तर देत नाही.

बाराला एक सेकंद. साडेबाराला अर्धा.

मग आमची जेवणाची सुट्टी. मी आवाज नेहमीच्या वेगावर आणला. बाई हसत होत्या. चार वर्षांत मी बाईंना हसताना पाहिलेलं नाही. माझ्या विरळ केसांवरून त्यांना हसवत होता एक तरुण, ओळखीचा वाटणारा आवाज. मीही हसत होतो.

"दादा, आईला सांग, मी आज—"

कानाला पुढे काहीच नाही. पडद्यावरच्या आलेखात मात्र हाका मिसळून सलग काळी पट्टी झाली.

मग शांतता. मग बाई आणि मी, जराही न अडखळता, पंख्याबद्दल बोलत होतो.

बाईंना ऐकवलं.

"कोण हा?"

"माहीत नाही. मला भाऊ नाही."

"मग 'किडा' लिही आणि मोकळा हो."

मी 'किडा' लिहिलं. अहवाल गेला. नोकरी वाचली. आईला फोन केला.

"बरं झालं रे," ती म्हणाली. "पण आज डबा एकच नेलास. मी दोन भरले होते."

"दोन कशाला?"

"तेच आठवेना. दुसऱ्यात तिखट अगदी कमी घातलंय."