रिकाम्या बाटलीचा सूर

ती सभागृहात शिरली तेव्हा तिच्या हातांत बाटल्यांचा ट्रे होता आणि पियानोच्या पोटातून दोन पाय बाहेर आले होते.

पाय पुरुषाचे होते. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, आणि बूट मात्र शेजारी नीट जोडून ठेवलेले होते. चोर बूट काढून आत शिरत नाही, एवढा तर्क करून तिने ट्रे बाकावर ठेवला.

"कोण आहे?"

"पियानो लावणारा," पियानोतून उत्तर आलं. "एक मिनिट थांबता का? हात अडकलाय."

हात सुटला, मग खांदे, मग कपाळावर धुळीचा पट्टा असलेला एक चेहरा बाहेर आला. त्याला खरं तर सुट्टीत यायचं होतं. पण दुसऱ्या गावचं काम रद्द झालं, म्हणून तो आधीच आला होता. काल शाळा सुटल्यावर बसून त्याने सगळा पियानो सुरात लावला होता. आता फक्त पेडलची कुरकुर राहिली होती.

"सगळा?" तिने विचारलं.

"सगळा. फार उतरला होता बिचारा. आता ऐका."

त्याने एक पट्टी दाबली. स्वच्छ, भरलेला स्वर सभागृहभर पसरला. तिने ट्रेमधून एक बाटली उचलली, चमच्याने हलकेच टकटकवली... आणि पुन्हा टकटकवली. ती दुसऱ्या बाटलीकडे गेली. मग तिसऱ्या. प्रत्येक बाटली पियानोच्या जरा खाली, रुसल्यासारखी बोलत होती.

"हे काय केलंत तुम्ही?" ती हळूच म्हणाली.

त्याला कळेना. गावोगाव पियानो लावत फिरणाऱ्या या माणसाला आजवर लोकांनी चहा दिला होता, आशीर्वाद दिले होते. असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

शाळा होती चिमुकली. चौथीपर्यंतचे वर्ग, शेजारी चॅपेल, आणि हे एकच सभागृह. चालवत होत्या सिस्टर लोक. वर्ष संपताना एका संध्याकाळी सगळी घरची माणसं इथे जमत. कुणी काय मिळवलं ते वाचून दाखवलं जाई, आणि शेवटी सगळी शाळा पियानोबरोबर आभाराचं गाणं गाई. सगळी म्हणजे, जी सुरात होती ती. गाण्याच्या सरांचा जुना नियम होता की ज्यांचा सूर लागत नाही त्यांनी नुसते ओठ हलवायचे. शाळेत त्यांना 'ओठवाले' म्हणत. ओठवाल्यांचा सगळ्यात मोठा कळप होता तिसरीत, आणि तिसरीची बाई होती ती.

ती विज्ञान शिकली होती. गळ्यातून सूर निघत नसेल तर काचेतून काढता येतो, हे तिला ठाऊक होतं. बाटलीत पाणी जास्त तर आवाज जाड, पाणी कमी तर बारीक. मोठ्या सिस्टरांच्या मागे लागून तिने एक परवानगी मिळवली होती, तीही अटीवर. बाटल्या पियानोशी जुळल्या तर वाजवायच्या, नाहीतर ओठ. मग तिने एकेक बाटली पियानोशी ताडून घेतली होती आणि पाण्याच्या रेषेवर रंगीत कागद चिकटवला होता. नेमक्या त्या उतरलेल्या पियानोशी.

आणि कार्यक्रम उद्या संध्याकाळी होता.

"परत उतरवा," ती म्हणाली.

"काय?"

"पियानो. होता तसा करा."

तो हसणार होता, पण तिचा चेहरा बघून थांबला. जुन्या तारा आहेत, त्याने समजावलं. काल ताणल्यात, आज सोडल्या की तुटतील. शिवाय मोठ्या सिस्टर सकाळीच येऊन ऐकून गेल्या होत्या आणि डोळे पुसत गेल्या होत्या. "आणि खरं सांगू का," तो म्हणाला, "चांगला पियानो बिघडवायला माझा हात वळणार नाही."

"बरं," ती म्हणाली. तिने बाह्या दुमडल्या. "मग बाटल्या वर चढवायच्या. तुमची बस कधी आहे?"

"दुपारी."

"तुमचा कान चांगला आहे?"

"त्याच्यावरच पोट आहे माझं."

"मग दुपारची बस चुकली असं समजा."

त्याने मान डोलावली. चूक त्याची नव्हती, तिचीही नव्हती. पण या बाईंना 'नाही' म्हणायला जे धैर्य लागतं ते त्याने आज बरोबर आणलेलं नव्हतं.

तिने वर्गातून ड्रॉपर आणला. तो पियानोपाशी बसून पट्टी दाबी, ती बाटली वाजवी, थोडं पाणी ओढून घेई, पुन्हा वाजवी. "अजून थोडं... अजून... थांबा," तो म्हणे. तो डोळे मिटून ऐकत होता. त्यामुळे तिला त्याच्याकडे निवांत बघता येत होतं. कपाळावरचा धुळीचा पट्टा अजून तसाच होता. सांगावं का? नको, तिने ठरवलं. शोभतोय.

"मघाच्यापेक्षा जास्त पाणी काढलंत," तो डोळे न उघडता म्हणाला. "लक्ष कुठे आहे?"

"तुमच्या कपाळावर धूळ आहे."

"ती मी आलो तेव्हापासून आहे. आत्ताच कशी दिसली?"

तिने ड्रॉपरमधलं पाणी बाटलीत परत सोडलं, अगदी मन लावून.

मग त्याने विचारलं की एवढा हट्ट कशासाठी. एक दिवस ओठ हलवले तर मुलं काही आजारी पडत नाहीत.

"मी याच शाळेत शिकले," ती म्हणाली. "याच सभागृहात, त्या तिकडच्या कोपऱ्यात मला उभं करायचे. माझी आत्या पहिल्या रांगेत बसायची आणि घरी गेल्यावर म्हणायची, तुझा आवाज ओळखला हो मी... मी दरवर्षी तिला हो म्हणायचे."

त्याने डोळे उघडले. पुढची पट्टी जरा हळुवार दाबली.

मधल्या सुट्टीनंतर तिसरीची मुलं आली आणि सभागृहात बाजार भरला. आपापल्या बाटलीतून आपण पाणी काढायचं, यासाठी हाणामारीची वेळ आली. भोंगा नावाने ओळखला जाणारा मुलगा जवळजवळ सगळं पाणी पिऊन टाकून मोकळा झाला आणि त्याच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. पियानोवाल्या काकांना सगळ्यांनी पाच मिनिटांत खिशात घातलं. मोज्याला भोक का, बायको शिवून देत नाही का, बायकोच नाही का, असे प्रश्न झाले. बाई त्या वेळी फळ्याकडे तोंड करून उभी होती, पण सभागृहाच्या त्या भिंतीवर फळा नव्हता.

कागदाच्या पट्ट्या एकेक करून खाली सरकल्या. सूर जमत आले. आणि मग रांगेच्या टोकाची मुलगी पुढे आली.

तिला सगळे कुजबुज म्हणत, कारण ती त्याहून मोठ्याने कधी बोलतच नसे. गाण्याचा अगदी शेवटचा, सगळ्यात वरचा स्वर तिचा होता. सगळे थांबल्यावर एकटीने एकदाच वाजवायचा. तिने बाटली उलटी करून दाखवली.

"बाई," ती म्हणाली, "माझ्यातून काय काढू?"

बाटली रिकामी होती. पहिल्यापासून रिकामीच होती. त्याहून बारीक आवाज त्या काचेत नव्हता.

सगळा वर्ग भोवती गोळा झाला. भोंगासुद्धा.

मग शोधाशोध सुरू झाली. औषधाच्या बाटल्या आल्या, अत्तराची आली, शाईची दौत आली. मोठ्या सिस्टर दारातून हे बघत होत्या. त्या न बोलता चॅपेलमध्ये गेल्या आणि वेदीवरच्या पाण्याची छोटी काचेची सुरई घेऊन आल्या. "मी दिली असं कुणाला सांगू नका," त्या म्हणाल्या. सुरई वाजवली. ती फारच वरच्या सुरात बोलली, आणि पाणी भरलं तर नुसती ठक्क करू लागली. गाण्याचे सरही येऊन बघू लागले. या एका मुलीने ओठ हलवले तर काय बिघडलं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"नाही सर," बाई म्हणाली. "एकही ओठवाला नको. नाहीतर मग बाटल्याच नकोत."

सर खांदे उडवून गेले. तिने असं म्हटलं खरं, पण उपाय तिच्यापाशीही नव्हता. रिकामी बाटली हातात घेऊन ती बाकावर बसली. कुजबुज तिच्या शेजारी बसली आणि सवयीने, अगदी समजूतदारपणे म्हणाली, "चालेल बाई. मला येतात ओठ हलवायला."

हे ऐकून पियानोवाला उठला. त्याने आपल्या पिशवीतून एक रुमालाची घडी काढली. आत दोन बोटांचा पोलादी नादकाटा होता, दांडीवर अंगठ्याने झिजलेली जागा असलेला.

"मी पियानो लावतो तेव्हा पहिला स्वर यावरून घेतो," तो कुजबुजकडे वळून म्हणाला. "बाकीचे सगळे नंतर. तुझा शेवटचा आणि माझा पहिला, स्वर एकच आहे. फक्त हा एक मजला खाली राहतो."

त्याने काटा गुडघ्यावर आपटून तिच्या कानाशी धरला. तिचे डोळे मोठे झाले. पण बाकी कुणालाच काही ऐकू आलं नाही.

"उद्या कोण ऐकणार हे?" कुणीतरी म्हणालं.

बाई मात्र ताडकन उठली होती. तिने काटा घेतला, आपटला आणि दांडी बाकावर टेकवली. बाक गुणगुणलं. मग टेबलावर टेकवली, दारावर टेकवली. मग ती पियानोच्या मागे गेली. तिथे मोठी लाकडी पाठ उघडी असते. तिने दांडी त्या पाठीला लावली... आणि सगळा पियानो, कुणी हात न लावता, गाऊ लागला.

ती आणि तो पियानोच्या दोन बाजूंनी एकमेकांकडे बघत राहिले. स्वर संपला तरी.

"काटा उद्यापर्यंत ठेवू का?" तिने विचारलं.

"ठेवा. पण हा माझ्याशिवाय कुठे राहत नाही," तो म्हणाला. "म्हणजे मलाही थांबावं लागेल."

"लागेलच," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरून गेलं. उत्तम अक्षर, पूर्ण हजेरी, शाळेच्या बागेतला पहिला टोमॅटो, घाबरत घाबरत पोहायला शिकलेला एक मुलगा, सगळ्यांचं वाचून झालं. मग गाणं सुरू झालं. तिसरीच्या बाटल्या मध्येच चांदीच्या थेंबांसारख्या वाजल्या आणि घरची माणसं पुढे वाकली. पियानोवाला पाय वाजू नयेत म्हणून बूट काढून पियानोच्या मागे, कुजबुजच्या शेजारी बसला होता. पहिल्या रांगेतून आत्याने त्याला नीट न्याहाळलं. मग शेजारी उभ्या असलेल्या भाचीला ओढून ती कानात म्हणाली, "त्या मोज्याला भोक आहे. म्हणजे लग्न झालेलं नाही."

"आत्या, गप्प बस."

गाणं शेवटाला आलं. सगळे थांबले. कुजबुजने काटा आपटला, पण तो तिच्या फ्रॉकला लागला आणि मुका झाला. शांतता. सरांची बोटं पट्ट्यांवर गेली. वेळ निभावून न्यायची त्यांची जुनी सवय होती. बाई भिंतीपाशी उभी होती. तिने सरांकडे बघून फक्त मान हलवली, एकदाच. सरांनी हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

पियानोवाल्याने आपला गुडघा पुढे केला.

कुजबुजने त्यावर काटा आपटला आणि लाकडाला टेकवला. स्वर आला. मोठा नव्हता. पण एवढ्या लोकांनी श्वास रोखला होता की तो मागच्या दारापर्यंत पोचला, आणि कुजबुजने तो शेवटपर्यंत सोडला नाही.

टाळ्या नंतर झाल्या, खूप झाल्या. मोठ्या सिस्टर सरांशी काहीतरी बोलल्या. पुढच्या वर्षी सगळी मुलं कशी वाजवतील याचा आत्तापासून विचार करा, एवढं तिला ऐकू आलं. तेवढं पुरे होतं.

गर्दी ओसरल्यावर ती मागच्या नळावर बाटल्या धूत होती. तो पिशवी खांद्याला लावून आला. थोडा वेळ नळाकडेच बघत राहिला.

"पियानो वर्षातून एकदा लावला की झालं," तो म्हणाला. "बाटल्यांचं मात्र... पाणी उडून जातं. सूर हलतो. दर आठवड्याला कुणीतरी बघायला हवं."

तिने नळ बंद केला आणि कट्ट्याकडे बोट दाखवलं. सगळ्या बाटल्या ओळीने उपड्या घातल्या होत्या.

"सुट्टी लागली," ती म्हणाली. "सगळ्या रिकाम्या केल्यात मी."

त्याने बाटल्यांकडे बघितलं, मग आपल्या बुटांकडे. "मग मी काय सांगून येऊ?"

तिच्या ओठांवर शब्द आले आणि तिथेच थांबले. लहानपणापासूनची सवय. कोपऱ्यात उभं राहून, आवाज न करता... ती स्वतःवरच रागावली. इतक्या मुलांना आज जे करायला लावलं ते बाईंना येऊ नये?

"काही सांगू नकोस," ती म्हणाली. आवाज स्वच्छ आला, फाटकाशी थांबलेल्या आत्याला ऐकू जाईल इतका. "मला तू आवडतोस. तू नुसता ये."

फाटकापाशी आत्या खोकली.

मग त्याने रुमालाची घडी काढली आणि तिच्या ओल्या तळहातावर काटा ठेवला.

"आणि तुझं उद्याचं काम?" तिने विचारलं.

"जवळच आहे. सकाळी हा न्यायला येतो," तो म्हणाला, "आणि संध्याकाळी परत आणून ठेवतो. माझ्याशिवाय कुठे राहत नाही तो, सांगितलं होतं ना?"