कड्याकडे वळलेला बाण

भुताबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मेहुण्याबद्दल.

वीस वर्षं मी आमच्या मंडळाच्या रविवारच्या डोंगरवाटा आखतोय. आधी स्वतः चालायचं, मग कागदावर उतरवायचं. यंदा बायकोच्या भावाने घरबसल्या नकाशावर पट्टी ठेवली, रेघ ओढली आणि खाली लिहिलं, ‘तीन तास’. तीन तासांत याला अंघोळ उरकत नाही! रविवारी त्याच रेघेवरून चाळीस माणसं जाणार होती, आणि सगळ्यांच्या पुढे माझी मुलगी.

म्हणून गुरुवारी सकाळी कागद घेऊन मी एकटाच निघालो.

आमची एक रीत आहे. पहिला माणूस खडूने खडकावर बाण काढतो, शेजारी वेळ लिहितो. शेवटचा माणूस ओल्या फडक्याने ते पुसत येतो. त्या दिवशी पहिला मीच. तरी पहिल्याच खडकावर बाण होता, १०:२४. मेहुणा येऊन गेला म्हणायचा, राग जरा निवळला. मग घड्याळ पाहिलं. दहा चोवीस. आणि तो लांब पायाचा चार... तसा फक्त मी काढतो. माझा खडू खिशात अख्खा होता.

पुढे धुकं उतरलं. दुसरा बाण, ११:०५. घड्याळातही तेच. तिसरा बाण कड्याकडे वळलेला. कागदावरची रेघही तिकडेच जात होती, सरळ. मी एक दगड ढकलला. तो खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

मागे वळलो. ज्या खडकावरचा बाण बघून आत्ताच आलो होतो, तो खडक ओला आणि कोरा. कुजट फडक्याचा वास आला.

“कोण आहे...?”

“पुढे चला...” धुक्यातून कोणीतरी हळूच म्हणालं. “मी शेवटचा.”

मी वाट सोडली आणि करवंदीच्या काट्यांतून रांगत वर चढलो. घरी मेहुणा चहा पीत बसला होता. माझ्या सोललेल्या कोपरांकडे बघून म्हणतो, “भावोजी, वय झालं तुमचं. रेघ बरोबर आहे.” मी कागद त्याच्यासमोर टराटरा फाडला. रविवारची सहल रद्द केली. मुलगी दोन दिवस फुगून बसली. बसू दे म्हटलं, घरात तर आहे.

रविवारी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं. पायरीवर खडूचा बाण होता, टोक घराच्या आत. ७:१४. चाराचा पाय लांब. मागे भिंतीवरच्या घड्याळात सात चौदा.

बाण अजून कोणी पुसला नव्हता.

खाली जिन्यात ओलं फडकं पिळल्याचा आवाज आला.